एक ओळ, दोन अर्थ

[दृश्य: गिरगावातलं सभागृह. पेटी, तबला, उभे कीर्तनकार.]

कीर्तनाचा पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा भाग, संपलाय. बुक्का लावून झाला, हार घालून झाला. आता उत्तररंगात नलदमयंतीचं आख्यान.

नळाच्या ध्यासानं मूर्च्छित पडलेली दमयंती शीतोपचारांनी जागी होते. कवी रघुनाथ पंडितांच्या ओळीत ती म्हणते, ‘औषध नलगे मजला.’ आई ऐकते, ‘न लगे’. पोरीला औषध नको. ‘बरे’ म्हणून ती मान डोलावते. सभागृह ऐकतं, ‘नल गे’. अगं, माझं औषध नळच! कीर्तनकार त्या ‘नल’वर किंचित रेंगाळतात. पुढच्या रांगेतले चेहरे पाहा.

[दृश्य: पोथीचं पान, ओळीवरून सरकणारं बोट.]

जुन्या पोथ्यांत ओळ अशी सलग चालते. शब्द कुठं मोडायचा ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. छापखान्यात मात्र खिळे जुळवणाऱ्याला एकच काहीतरी निवडावं लागतं. व्याकरणाच्या पुस्तकात याचं नाव सभंग श्लेष. ‘मित्र’ म्हणजे सखाही आणि सूर्यही, तिथं मोडावं लागत नाही. तो अभंग श्लेष.

पण श्लेषाशिवायही एक वाट आहे, आणि ती फार जुनी आहे.

[दृश्य: मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दादर. कपाटं, गाथासप्तशतीची प्रत.]

गाथासप्तशती म्हणजे माहाराष्ट्री प्राकृत या जुन्या भाषेतल्या गाथांचा, छोट्या कवितांचा संग्रह. त्यातली ही एक गाथा. गोदाकाठच्या झाडीत एक स्त्री प्रियकराला भेटते. तिथं एक धार्मिक गृहस्थ येऊ लागतो. ती त्याला म्हणते, ‘महाराज, खुशाल फिरा. तुम्ही ज्याला भीत होता ते कुत्रं आज मेलं. झाडीतल्या माजलेल्या सिंहानं मारलं.’ तोंडानं ‘या’ म्हणते आणि गृहस्थ पुन्हा तिकडं फिरकायचा नाही! यात दोन अर्थांचा एकही शब्द नाही. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या भीतीतून उभा राहतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वनीचा, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली.

चारचौघांत उघड बोलायची सोय नसते, तेव्हा माणसं असं बोलतात. ‘द्वयर्थी’ म्हटलं की आपण नाक मुरडतो, ते आम्हाला पटत नाही.

[दृश्य: लालबाग. तालमीची खोली, ढोलकी, चाळ बांधणारे पाय.]

तमाशाची तालीम. गण झाला, गवळण झाली. आता बतावणी, म्हणजे सोंगाड्याचे विनोदी संवाद.

राजा विचारतो, ‘राज्याचे हालहवाल काय?’
सोंगाड्या म्हणतो, ‘हाल भरपूर आहेत सरकार. हवाल वर पोचत नाही.’

दमयंतीनं शब्द मोडला तसाच यानंही मोडला. याच लालबागेत हनुमान थिएटर होतं. पाळी संपवून आलेले गिरणी कामगार तिथं तमाशाला बसायचे. हाल कुणाचे आणि सरकार कोण, हे त्यांना सांगावं लागत नसे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, प्रेक्षक पांगला.

[दृश्य: सोंगाड्याची मुद्रा, जवळून. मग वहीत लिहिलेले संवाद.]

बतावणी बरीचशी उभ्या उभ्या सुचते. प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मात्र संहिता लिहून द्यावी लागते. ‘हाल’नंतरचा थांबा वहीत येत नाही, राजाकडे टाकलेली नजर येत नाही. कागदावर कधी दुसरा अर्थ बुडतो, कधी तोच तेवढा वर राहतो आणि अश्लील ठरतो. बतावणीपुरतं तरी मंडळानं तालमीला येऊन बसावं, ऐकावं आणि मग काय ते ठरवावं.