मेणातली शरीररचना : आन्ना मोरांदी

पडद्यावर दिसणारा हा मेणाचा अर्धपुतळा इटलीतील बोलोन्या शहरात, पलाझ्झो पोज्जी संग्रहालयात आहे. उंची पोशाख, गळ्यात मोती आणि समोर कवटी उघडून दाखवलेला मानवी मेंदू, असे स्वतःचे रूप घडवणाऱ्या शिल्पकार म्हणजे आन्ना मोरांदी (१७१४–१७७४). त्यांनीच घडवलेल्या दुसऱ्या अर्धपुतळ्यात त्यांचे पती ज्योव्हान्नी मांझोलिनी आहेत, आणि त्यांच्यासमोर हृदय आहे. मेंदू स्वतःकडे आणि हृदय पतीकडे, ही वाटणी त्या काळाच्या मानाने धीटच म्हणावी लागेल.

मांझोलिनी आधी शरीररचनेच्या मेणाकृती घडवणाऱ्या एर्कोले लेल्ली यांच्या हाताखाली काम करत. १७४६ मध्ये ते लेल्ली यांच्यापासून वेगळे झाले आणि पतिपत्नींनी राहत्या घरीच कार्यशाळा सुरू केली. मृतदेह टिकवण्याचे साधन नसल्यामुळे विच्छेदन प्रामुख्याने थंडीच्या दिवसांत चाले, त्यामुळे वर्षभर अभ्यासता येईल अशा प्रतिकृतींची विद्यार्थ्यांना गरज होती. विच्छेदित अवयवाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यात रंगद्रव्य मिसळलेले मेण ओतायचे आणि बारीक तपशील हाताने कोरायचे, अशी ही पद्धत होती. मेणात प्रकाश किंचित झिरपतो, म्हणूनच त्यातून त्वचेचा आणि ओलसर ऊतींचा भास साधतो.

लेल्ली यांच्या प्रसिद्ध आकृती पूर्णाकृती आहेत, कातडी सोललेल्या, उभ्या. मोरांदी यांची नजर मात्र एकेका अवयवावर, त्यातही ज्ञानेंद्रियांवर खिळली. डोळ्याच्या प्रतिकृतींत त्यांनी नेत्रगोल फिरवणारे स्नायू सुटे करून दाखवले, आणि खालच्या तिरक्या स्नायूचा संबंध अश्रुपिशवीशी आहे, असे स्वतः केलेल्या विच्छेदनाच्या आधारे मांडले. येथे शिल्प हे शास्त्राचे केवळ चित्रण राहत नाही. शिल्पकारच शास्त्रज्ञांपुढे पुरावा ठेवते. स्पर्शज्ञान दाखवणारे हात तर विशेष पाहण्याजोगे आहेत, कारण मऊ वस्तूवर विसावलेला हात आणि काटेरी वस्तूपासून आखडलेला हात यांतून संवेदनेचा परिणामच आकाराला येतो.

१७५५ मध्ये पतीचे निधन झाल्यावर बोलोन्याच्या सेनेटने त्यांना मानधन सुरू केले, आणि त्या घरीच शरीररचनाशास्त्र शिकवत राहिल्या. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिनेही त्यांच्या कामाची मागणी केली. आर्थिक ओढगस्त मात्र सुटली नाही. १७६९ मध्ये संपूर्ण संग्रह काउंट ज्यिरोलामो रानुझ्झी यांना विकावा लागला. मोरांदी यांच्या मृत्यूनंतर तो बोलोन्याच्या विज्ञान संस्थेने घेतला, आणि त्यामुळेच या प्रतिकृती आज त्यांच्याच शहरात पाहता येतात.