कुंचल्यातले मुंगूस

हा ब्रश जवळून पाहा. केसांची टोके गडद तपकिरी आहेत, मधला भाग फिकट पिवळसर आहे आणि मुळाशी पुन्हा तपकिरी रंग दिसतो. हे रंग कारखान्यात चढवलेले नाहीत. ते मुंगसाच्या अंगावरचेच आहेत.

मृत प्राणी कलेत वापरावा का, हा वाद जगभर गाजला तो ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्ट यांच्या 1991 मधील कलाकृतीमुळे. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात पकडलेला टायगर शार्क त्यांनी फॉर्माल्डिहाइड या मृत शरीर टिकवणाऱ्या रसायनाने भरलेल्या काचेच्या पेटीत मांडला. तो कुजत गेला, आणि 2006 मध्ये त्याच्या जागी दुसरा शार्क ठेवण्यात आला. एका कलाकृतीपायी दोन जीव गेले. तरीही तिथे प्राणी प्रेक्षकांच्या नजरेसमोर होता, म्हणून जाब विचारला गेला. ब्रशमधला प्राणी मात्र कोणत्याच चित्रात दिसत नाही.

एका मुंगसापासून सुमारे 40 ग्रॅम केस मिळतात आणि त्यांतले निम्मेच ब्रशच्या कामी येतात, असा वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अंदाज आहे. म्हणजे एक किलो केसांसाठी पन्नासएक मुंगसे मारली जातात. आडवे गेले तर आपल्याकडे शुभ मानले जाणारे, शेतातले उंदीर आणि साप खाणारे हे जनावर जाळ्यात धरून मारले जाते, आणि त्याचे केस उत्तर प्रदेशातील शेरकोटसारख्या ब्रशनिर्मितीच्या केंद्रांपर्यंत पोहोचतात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार, दोन्ही गुन्हे ठरतात. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या देशव्यापी मोहिमेत हजारो ब्रश जप्त केले. पण मागणी असेपर्यंत छापे अपुरेच पडणार, आणि ही मागणी चित्रकारांकडून येते.

मुंगसाचा केस रंग भरपूर धरतो, दाबला तरी पुन्हा ताठ होतो आणि त्याचे टोक शाबूत राहते, असे अनेक चित्रकार सांगतात, आणि ते खरेही आहे. तथापि कृत्रिम तंतूंचे चांगले ब्रश आज सहज मिळतात. हाताला त्यांची सवय व्हायला काही दिवस लागतील, आणि एवढी गैरसोय कोणत्याही चित्रकाराला सोसता यावी. कलाशाळांनी विद्यार्थ्यांना देण्याच्या साहित्याच्या यादीत ‘फक्त कृत्रिम केसांचे ब्रश’ असे स्पष्ट लिहिले, तर पहिल्याच वर्षी लागणारी ही सवय मुंगसाच्या केसांची नसेल.