तोवर पैसा बंद: बेर्ता कासेरेस विधेयकाची गोष्ट

(दृश्य: डोंगरातून उतरणारी नदी. काही क्षण फक्त पाण्याचा आवाज.)

ही ग्वालकार्के. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली नदी. काठावरची लेंका आदिवासी माणसं मानतात की या पाण्यात मुलींचे आत्मे राहतात, तेच नदीला राखतात. या नदीवर सुमारे 21 मेगावॉटचा आग्वा सार्का जलविद्युत प्रकल्प बांधायचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांनी एवढंच म्हटलं: आम्हाला कुणी विचारलं? आदिवासींच्या भूमीवर काही करायचं तर आधी त्यांच्याशी बोलायचं, हा आंतरराष्ट्रीय करार होंडुरासनं 1995 मध्ये मान्य केलेला होता. सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीच्या माणसांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

(दृश्य: बेर्ता कासेरेस यांचं छायाचित्र.)

या गावांबरोबर उभी राहिली बेर्ता कासेरेस. गाव ला एस्पेरान्सा. या शब्दाचा अर्थ आशा. आई सुईण होती, पुढे गावची महापौर झाली. शेजारच्या एल साल्वादोरमधल्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांना त्या माउलीनं आसरा दिला. लेकीनं 1993 मध्ये सहकाऱ्यांसोबत कोपिन ही आदिवासींची संघटना उभी केली.

एप्रिल 2013 मध्ये नदीकाठच्या रिओ ब्लांकोच्या लोकांनी बांधकामाकडे जाणारा रस्ता अडवला. बायका, म्हातारी माणसं, कडेवर पोरं. धरण कंपनीच्या आवारात बंदोबस्ताला सैनिक होते. एका खासगी कंपनीच्या दारात देशाचं सैन्य. 15 जुलैला त्यातल्याच एका सैनिकानं तोमास गार्सिया या लेंका पुढाऱ्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. त्याच वर्षी प्रकल्पातली चिनी बांधकाम कंपनी निघून गेली. लोक हटले नाहीत.

2015 मध्ये बेर्ताला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, 1992 मध्ये मेधा पाटकरांना मिळाला होता तोच. जग ओळखू लागलं की माणसाला हात लावायला कुणी धजावणार नाही, असं वाटतं. 2 मार्च 2016 च्या रात्री मारेकरी तिच्या घरात शिरले आणि तिला गोळ्या घातल्या. पंचेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. घरात मुक्कामाला असलेले मेक्सिकोचे कार्यकर्ते गुस्ताव्हो कास्त्रो जखमी झाले आणि मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, म्हणून वाचले.

(दृश्य: वॉशिंग्टन, संसदेची इमारत.)

जून 2016. जॉर्जिया राज्यातले खासदार हँक जॉन्सन यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एक विधेयक मांडलं आणि त्याला बेर्ताचं नाव दिलं. होंडुरासच्या सैन्याला आणि पोलिसांना मिळणारी अमेरिकेची मदत थांबवा, एवढंच त्याचं सांगणं. कधीपर्यंत? बेर्ताला मारणारे आणि मारायला सांगणारे, दोघांवर खटला चालून निकाल लागेपर्यंत. होंडुरासच्याच आग्वान खोऱ्यात शंभराहून जास्त शेतकरी कार्यकर्ते मारले गेले, त्यांच्या खुन्यांचा छडा लागेपर्यंत. सैन्य पोलिसांच्या कामातून मागे घेतलं जाईपर्यंत. हे सारं झालं, असा दाखला अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्यानं द्यायचा. आंतरराष्ट्रीय विकास बँकांमध्येही अमेरिकेच्या प्रतिनिधींनी या सैन्यासाठीच्या कर्जाला विरोध करायचा.

मग प्रश्न येतो: असा कायदा आधीच नव्हता का? होता. सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावानं ओळखला जाणारा, 1997 पासूनचा. पण तो बोट ठेवतो एका तुकडीवर. अमुक तुकडीनं गंभीर अत्याचार केल्याची विश्वासार्ह माहिती असेल, तर त्या तुकडीला मदत नाही. आता ग्वालकार्केच्या काठावरून हे सिद्ध करून बघा. कुठली तुकडी, कुणाचा हुकूम, कागद कुठे? साक्षीदार बोलला तर त्याच्या जिवाची हमी कोण देणार? आणि एका तुकडीचा पैसा थांबला तरी शेजारच्या तुकडीचा चालूच. बेर्ताच्या नावाच्या विधेयकानं हा भार उलटा केला. पुराव्यासाठी वणवण गावकऱ्यांनी करायची नाही, सुधारल्याचा पुरावा होंडुरासच्या सरकारनं द्यायचा. मला हे विधेयक मोलाचं वाटतं ते यासाठीच.

2016, 2017, 2019, 2021. चार वेळा मांडलं. चारही वेळा समित्यांकडे गेलं आणि तिथेच राहिलं. सभागृहात मतदान झालंच नाही. दोन वर्षांनी प्रतिनिधीगृहाची मुदत संपते आणि अडकलेली विधेयकंही तिच्याबरोबर संपतात. पुन्हा नव्यानं मांडा, पुन्हा खासदारांच्या सह्या गोळा करा. यामागची पार्श्वभूमीही बघा. होंडुरासमध्ये सोटो कानोचा हवाई तळ आहे, तिथे अमेरिकी फौज 1980 च्या दशकापासून ठाण मांडून आहे. वॉशिंग्टनच्या लेखी होंडुरास म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या लढाईतला जोडीदार. होंडुरासचे त्या काळातले राष्ट्राध्यक्ष हुआन ओर्लांदो एर्नांदेस 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात याच अमली पदार्थांच्या तस्करीत दोषी ठरले. 45 वर्षांची शिक्षा झाली, आणि 2025 च्या अखेरीला ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

(दृश्य: होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा, न्यायालयाबाहेर बेर्ताचे फलक घेतलेले लोक.)

खटल्यात काय निघालं? नोव्हेंबर 2018 मध्ये सात जण दोषी ठरले. त्यात मारियानो दियास होता, खून झाला तेव्हा सैन्यात मेजर. माजी लेफ्टनंट दग्लस बुस्तियो होता, एकेकाळी धरण कंपनीचा सुरक्षाप्रमुख. 2021 मध्ये कंपनीचा प्रमुख रोबेर्तो दाविद कास्तियो दोषी ठरला, पुढच्या वर्षी त्याला 22 वर्षं 6 महिन्यांची शिक्षा झाली. तो होंडुरासच्या लष्करी गुप्तचर विभागातला माजी अधिकारी. आणि पदवी कुठली? अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीची.

(दृश्य: पुन्हा ग्वालकार्के.)

कर्ज देणाऱ्या डच आणि फिनलंडच्या संस्था 2017 मध्ये बाहेर पडल्या. धरण बांधून झालं नाही. कोपिनचं काम आता बेर्ताची लेक पाहते, तिचंही नाव बेर्ताच. ज्यांच्या पैशातून हा खून घडला, त्यांच्यापर्यंत खटला पोचवा, ही तिची आणि रिओ ब्लांकोची मागणी आहे.