कोयता म्हणजे किती माणसं?

मंडळी, आजच्या विषयासाठी मराठीत अजून धड शब्द रुळलेला नाही. ‘इंटरसेक्शनॅलिटी’ला, म्हणजे जात, लिंग, वर्ग असे भेद एकाच माणसावर एकमेकांत गुंतून पडतात या विचाराला, कुणी आंतरछेदिता म्हणतं, कुणी छेदनबिंदूची दृष्टी म्हणतं. ‘आंतरविभागीय’ असंही कुठेकुठे छापून येतं, पण तो रेल्वेतल्या बदलीचा प्रकार वाटतो. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेनं १९८९ मध्ये हा शब्द वापरला तेव्हा तिच्यासमोर भूमितीची वही नव्हती, रस्त्यांचा चौक होता. चौकात उभ्या असलेल्या बाईला कुठल्याही बाजूची गाडी धडकू शकते, कधी दोन एकदम धडकतात. मग पंचनाम्याला आलेले विचारतात, नेमकी कुठली गाडी? ते सांगता आलं नाही की एकाही चालकावर जबाबदारी येत नाही.

हा चौक तिला न्यायालयाच्या निकालांत सापडला. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये पाच कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. कंपनीनं १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली आणि सेवाज्येष्ठतेच्या नियमानं, म्हणजे शेवटी आलेल्याला आधी काढायचं या हिशेबानं, कपात झाली. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायका त्यात गेल्या. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच होता. १९७६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कंपनीत १९६४ च्या आधीपासून बायका आहेत, तेव्हा लिंगभेद नाही. वंशभेदाचं म्हणणं असेल तर त्याच कंपनीवर चालू असलेल्या दुसऱ्या खटल्यात सामील व्हा. दोन्ही मिळून तिसरा गट कायद्याला माहीत नाही.

आता त्या आधीपासूनच्या बायका कोण? ऑफिसात बसणाऱ्या गोऱ्या बायका. आणि कारखान्यात काम करणारे कृष्णवर्णीय कोण? पुरुष. दोन्ही रकान्यांत माणसं भरलेली होती, म्हणून रिकामी जागा दिसलीच नाही.

याच काळातले आणखी दोन खटले क्रेनशॉनं शेजारी ठेवले आहेत, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. एका हेलिकॉप्टर कंपनीतली बाई म्हणाली, ‘कृष्णवर्णीय स्त्री म्हणून माझी बढती अडते.’ न्यायालय म्हणालं, मग तू सगळ्या बायकांची प्रतिनिधी होऊ शकत नाहीस. औषधाच्या कारखान्यातल्या बायका वंशभेदाचा दावा घेऊन गेल्या, तर त्यांना कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रतिनिधित्व नाकारलं गेलं. म्हणजे वेगळेपण सांगितलं तरी दार बंद आणि सारखेपण सांगितलं तरी बंद.

आपल्याकडे या सगळ्याचं भाषांतर ‘दुहेरी शोषण’ असं होतं, कधी ‘तिहेरी’. जात अधिक लिंग अधिक वर्ग. ही बेरीज दिसायला सोपी आहे आणि तिनंच घोळ होतो. बेरजेत प्रत्येक आकडा सुटा राहतो. त्यामुळे योजनाही सुट्या निघतात: बायकांसाठी एक, दलितांसाठी एक, मजुरांसाठी एक. ती बाई मात्र तिन्हींच्या मधल्या फटीत राहते. जनरल मोटर्समध्ये त्या पाचजणींना गोऱ्या बाईपेक्षा थोडा जास्त त्रास झाला, असा मामला नव्हता. ‘बाईचं काम’ आणि ‘काळ्याचं काम’ अशा दोन्ही वाटण्या त्यांना वगळूनच झाल्या होत्या.

सरासरीत माणूस कसा लपतो ते २०११ च्या जनगणनेत बघा. देशातल्या स्त्रियांची साक्षरता ६४.६ टक्के. अनुसूचित जातींची, स्त्री-पुरुष मिळून, ६६.१. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे दोन्ही खात्यांचे अहवाल साधारण सारखंच चित्र देणार. आता रकाने एकमेकांत घाला. अनुसूचित जातींतल्या स्त्रिया ५६.५, अनुसूचित जमातींतल्या स्त्रिया ४९.४. ही ओळ वेगळी छापली नाही तर ती कुणाच्याच अहवालात येत नाही. आणि तिच्यातही धर्म, अपंगत्व, एकटं राहणं हे अजून आलेलंच नाही.

हे सगळं अमेरिकेतून आलं असं समजायचं कारण नाही. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापलेल्या निबंधात मुक्ता साळवे या सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे वेगळं काढून सांगितलं. जातीचं दुःख मांडताना ते बाईच्या अंगावर कसं उतरतं, हे तिला दिसलं होतं. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेनं घटस्फोटाचा हक्क आणि कामगार बायकांच्या रजा एकाच बैठकीत मागितल्या. पुढे दलित स्त्रीवादाची मांडणी झाली, गोपाळ गुरू आणि शर्मिला रेगे यांचे लेख आले. तो इतिहास इथे बसलेल्यांना ठाऊक आहे, मी त्यात शिरत नाही.

कायद्याकडे येतो. संविधानाचा पंधरावा अनुच्छेद म्हणतो, केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान किंवा त्यांपैकी कोणत्याही कारणावरून भेदभाव नको. यातल्या ‘केवळ’ या एका शब्दानं किती वर्षं खाल्ली! १९८१ च्या एअर इंडियाच्या खटल्यात हवाईसुंदरींनी निवृत्तीच्या अटींना आव्हान दिलं. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याची अट न्यायालयानं रद्द केली. पण फक्त लिंगावरून केलेला भेद निषिद्ध आहे, लिंगाला दुसरं कारण जोडलेलं असेल तर अनुच्छेद आड येत नाही, हा अर्थही त्याच निकालानं पक्का केला. आता मला सांगा, नुसतं लिंग कुठे एकटं हिंडतं? २०१८ मध्ये कलम ३७७ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी या वाचनावर टीका केली.

२७ एप्रिल २०२१ चा पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश हा निकाल वकिलांनीच नाही, कार्यकर्त्यांनीही मुळातून वाचावा. जन्मांध, अनुसूचित जातीतली तरुणी. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा. तिनं त्याला आवाजावरून ओळखलं आणि ती ओळख सर्वोच्च न्यायालयानं ग्राह्य धरली. दिसत नाही म्हणून साक्ष कमी दर्जाची ठरत नाही. बलात्काराची शिक्षा, जन्मठेप, कायम राहिली. निकालात क्रेनशॉ आहे, जात-लिंग-अपंगत्व यांची गुंफण आहे, सगळं आहे. आणि तरी ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) खालची शिक्षा रद्द झाली. कारण घटना २०११ ची. तेव्हाच्या शब्दांप्रमाणे गुन्हा ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ झाला, हे सिद्ध करावं लागत होतं आणि तसा पुरावा नव्हता. परत तोच पंचनामा, गाडी कुठली?

२०१५ च्या दुरुस्तीनं, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, ते शब्द बदलले. आता ती त्या जातीची आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरतं. शिवाय कलम ८(क) प्रमाणे आरोपीला तिची किंवा तिच्या कुटुंबाची ओळख असेल, तर जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा फिर्याद लिहून घेताना ‘गावातलाच आहे, घरी येणंजाणं होतं, किती वर्षांपासून’ ही दोन वाक्यं लिहायची राहून गेली की पुढे खटला लंगडतो. ती राहून जातात, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात बलात्काराची फिर्याद एक आणि जातीची दुसरी असते. पीडित अपंग असेल तर जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषा किंवा विशेष शिक्षक हजर ठेवून, चित्रीकरणासह घ्यायचा असतो. ही तरतूदसुद्धा ठाण्यात मागून घ्यावी लागते.

आता आपल्या पायाखालचं उदाहरण. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. पैसे नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, फिटेपर्यंत काम दोघांचं. एकटी बाई असेल तर ती ‘अर्धा कोयता’. तिला भाऊ, मुलगा, कुणीतरी जोडीला शोधावा लागतो, नाहीतर टोळीत जागा नाही. पोरीचं लग्न लवकर उरकण्यामागेही हा हिशेब असतो: लग्न झालं की कोयता पुरा होतो आणि उचल मिळते.

फडात पुरुष तोडतो; बाई तोडतेही, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, वेगळं करते, मोळ्या बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पहाटे उठून स्वयंपाक तिचा, पाणी तिचं, रात्री गाडी भरायला आली तर ती भरणंही आहेच. कोपीजवळ, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीजवळ, संडास नाही, न्हाणी नाही, पाण्याची खात्री नाही. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’, म्हणजे मजुरी बुडाली आणि वर दंडही. पाळीच्या दिवसांचा खाडा बाईचा, दंड मात्र जोडीच्या नावावर.

याच चौकात गर्भपिशव्या गेल्या. २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारनं सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

वर्तमानपत्रांनी याची एक सोपी गोष्ट केली, की मुकादम पिशवी काढायला लावतात. असा मुकादम नसेलच असं नाही. पण तेवढ्यावर थांबलं की उपाय चुकतो. साखळी अशी असते. अस्वच्छता आणि ओझं यांमुळे अंगावरून जाणं, पोटात दुखणं. हंगामात दवाखान्यात जाणं म्हणजे खाडा, म्हणून दुखणं गावी परतेपर्यंत लांबतं. गावच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ असेल तर नशीब. खासगी डॉक्टर सोनोग्राफी करून ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ म्हणतो. औषधोपचाराला महिने लागतात, शस्त्रक्रिया एकदाच. दोन-तीन मुलं झालेली, पाळीचा खाडा कायमचा वाचणार. घरातल्यांनाही पटतं, तिलाही पटतं. पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीतून. म्हणजे शस्त्रक्रियेचं कर्ज फेडायला तीच बाई टाके भरताच परत फळी चढते. तिशीत अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम दहा-पंधरा वर्षं आधी, हाडं ठिसूळ होण्यासकट.

यात डॉक्टरवर कारवाई हा एक उपाय, आणि तो हवाच. पण आरोग्य खात्याला ही ‘स्त्री’ दिसते, कामगार खात्याला ‘मजूर’ दिसतो, समाजकल्याणला ‘जात’ दिसते आणि साखर कारखान्याला टन दिसतात. टोळीत वंजारी, बंजारा, मराठा, बौद्ध, मातंग सगळे असतात. कोपी कुणाची कुठे पडते आणि पाणी कुणाला आधी मिळतं, हेही बघायला हवं. ‘ऊसतोड महिला’ असा एकच गट मानला की आपणही एक नवी सरासरीच तयार करतो.

पाहणी करणाऱ्यांसाठी म्हणून थोडं काटेकोर सांगतो. प्रपत्र कुटुंबाचं भरू नका, माणसाचं भरा. बाईची उत्तरं बाईकडून घ्या, नवरा आणि मुकादम शेजारी नसताना; ते हंगामात कोपीवर जमत नाही, गावी जमतं. जात, वैवाहिक स्थिती, वय, अपंगत्व, कितवा हंगाम, हे रकाने पहिल्या पानावर ठेवा. शेवटच्या पानावर टाकलेले रकाने थकलेला कार्यकर्ता रिकामे सोडतो. शस्त्रक्रिया ‘झाली का’ एवढंच न विचारता वय किती होतं, कुणी सुचवली, आधी औषध किती महिने घेतलं, पैसे कुठून आणले, अंडाशयं ठेवली का, हे विचारा आणि दवाखान्याचा कागद बघा. पुष्कळदा कागदच नसतो, तसं लिहा. विश्लेषणात दोन रकाने एकमेकांत घालून तक्ता करा, मग तीन. तिसऱ्याला चौकटीतली संख्या दहा-पंधरावर आली तर टक्केवारी काढू नका, त्या बायकांशी पुन्हा बोला.

आणि प्रसूती लाभाच्या कायद्याचं एक. आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम, ही त्याची अट आहे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, दिवस तर सहज भरतात. पण करार कारखाना आणि वाहतूक कंत्राटदार यांच्यात, कंत्राटदार आणि मुकादम यांच्यात, मुकादम आणि नवऱ्यात. तिचा मालक कोण, हे दाखवायला एकही कागद नाही. मुकादमाच्या वहीत तिचे दीडशे दिवस आहेत, नवऱ्याच्या नावासमोर, ‘१ कोयता’ असे.