पाच पट्ट्यांपासून सुरुवात

पियानोवर स्वतःच्या मनातलं वाजवायला बसलं की नवशिक्याला पहिल्यांदा अडवतात त्या समोरच्या 88 पट्ट्या. ‘काहीही वाजव’ म्हटलं की हात जागच्या जागी थिजतो. म्हणून आज पांढऱ्या पट्ट्या बाजूला ठेवू. काळ्या पट्ट्या एका सप्तकात पाचच असतात आणि त्यांतल्या कुठल्याही दोन शेजारणींमध्ये अर्ध्या स्वराचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून अगदी लगतच्या दोन पट्ट्यांमधलं, अंतर नसतं. कानाला टोचतो तो बहुधा हाच अर्धा स्वर. तो नसला की बोट कुठेही पडो, फारसं बिघडत नाही. तीन काळ्यांच्या गटातली पहिली पट्टी सा माना. भूप रागाचे स्वर मिळतील: सा रे ग प ध.

डाव्या हाताला एकच काम: दर चार मात्रांनी तो सा आणि वरचा प एकदम दाबायचा.

पण स्वर बरोबर लागले म्हणजे संगीत झालं, असं मुळीच नाही. बहुतेक जण इथे न थांबता वर-खाली फिरत राहतात. ऐकणाऱ्याच्या काही लक्षात राहत नाही आणि वाजवणाऱ्याच्याही नाही. उत्स्फूर्त वादन चालतं ते आठवणीच्या जोरावर. तीन स्वरांचा तुकडा वाजवा आणि उजवा हात उचला. डावा चालू ठेवून चार मात्रा गप्प राहा. मग तोच तुकडा, जसाच्या तसा. जमला नाही तर तो लांब होता, आखूड करा. जमला तर पुढच्या वेळी फक्त शेवटचा स्वर बदला, किंवा स्वर तेच ठेवून लय बदला. या एका गोष्टीवर कित्येक आठवडे घालवले तरी ते वाया जात नाहीत, असं मी अगदी मनापासून सांगतो. आणि आधी गुणगुणा, मग वाजवा. बोटं सवयीच्या वाटेनं पळत सुटतात. गाणाऱ्याला श्वासासाठी थांबावंच लागतं.

कमी साधनांत किती मावतं बघा. 24 जानेवारी 1975 रोजी जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरागृहात अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांना मिळालेल्या पियानोचे वरचे स्वर किरटे होते, खर्ज दुबळा होता. ते बराच वेळ मधल्या सप्तकांतच राहिले, डाव्या हातानं तेच तेच आकृतिबंध घोळवत राहिले. तासाभराहून मोठी ती उत्स्फूर्त मैफल आजही लोक ऐकतात.

काळ्या पट्ट्यांवर हात स्थिरावला की पांढऱ्यांकडे या. डाव्या हातात सी, ए मायनर, एफ, जी या चार कॉर्ड (एकदम दाबायचे तीन-तीन स्वर: सी-ई-जी, ए-सी-ई, एफ-ए-सी, जी-बी-डी), प्रत्येकी चार मात्रा. उजव्या हातानं फक्त सी, म्हणजे दोन काळ्यांच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी, वाजवत राहा. पहिल्या तिन्ही कॉर्डमध्ये तो आहेच, त्यामुळे छान बसतो. जी आली की मात्र तो अधांतरी लटकतो. तिथे एक पट्टी खाली बीवर या किंवा वर डीवर जा. कुठली बरी वाटते ते तुमच्या कानाला ठरवू द्या आणि पुढच्या फेरीत मुद्दाम दुसरी घ्या.