एका माणसाचा भात

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘अठराव्या वर्षानंतर काय?’ वेळ अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं सत्कारातच गेली. नारळ मिळाला, तेव्हा तक्रार नाही.

मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांची चौकशी आणि देखरेख करणारा सरकारी माणूस, होतो तेव्हाची गोष्ट. घरचा आधार नसलेल्या मुलांच्या बालगृहातून अठरा पूर्ण झालेला एक मुलगा बाहेर पडला. भोसरीत तिघांत एक खोली, कंपनीत हेल्परचं काम. पहिल्याच रविवारी त्याचा फोन. “सर, एका माणसाला तांदूळ किती घ्यायचा?” हा पोरगा बालगृहात स्वयंपाकाच्या मावशींच्या हाताखाली तयार झालेला. ऐंशी ताटांना आठ किलो, हे तोंडपाठ. एका ताटाचा हिशोब कधी करावाच लागला नव्हता! मी रुबाबात म्हटलं, “मूठभर घे.” तो म्हणाला, “कुणाची मूठ?”

हसताय काय? इथल्या किती पुरुषांना सांगता येईल? मलाही येत नव्हतं. मी फोन बायकोकडे दिला. “तुझी दीड मूठ, आणि पाणी दुप्पट,” ती म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं तो फोन करायचा, पण मला नाही, तिला! ताप आला, फोन. पगार झाला, फोन. मी उचलला तर म्हणायचा, “सर, काकू आहेत का?” बत्तीस वर्षांच्या नोकरीचं हे फळ.

पहिल्या दिवाळीला कंपनी बंद, खोलीतले दोघे गावी गेले. हा स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन बसला. कुठे जायचं नव्हतं. “गर्दी बघत होतो,” म्हणाला. तेव्हापासून माझं एकच तुणतुणं आहे, अन् तुम्ही ते आज ऐकून घेणार आहात. आपण मुलीला माहेर देतो. पहिल्या दिवाळसणाला ती येते, उशिरापर्यंत झोपते, सासरच्या तक्रारी सांगते, डबे भरून नेते. मुलाला तसा शब्दच नाही, कारण त्याचं घर सुटतच नाही असं आपण धरून चालतो. या पोरांचं सुटतं, तेही वाढदिवस बघून.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, कायदा पळत पळत.

२०१५चा बाल न्याय अधिनियम, कलम ४६. बाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ म्हणतो. ‘दिलेच पाहिजे’ म्हणत नाही. त्याखालच्या २०१६च्या आदर्श नियमांत एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण, म्हणजे बाहेर पडल्यानंतरचा आधार, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दर मुलामागे महिना ४,००० रुपये. पुण्यात एवढ्यात खोलीभाडं भागवून दाखवा! पुढची आखणी मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी बालकल्याण समितीपुढे ठेवायची, असा नियम. दोन महिने! लग्नाचा हॉल आपण वर्षभर आधी धरतो. आपल्या राज्यात २०१८पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते मूल संस्थेत असतानाच काढून घ्या; नंतर कागद गोळा करत फिरणं एकट्या पोराला झेपत नाही.

अनुरक्षणगृहांबद्दल बोलायचं राहिलंच. मुलींचं तर वेगळं व्याख्यान होईल. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. ज्यांना आपला फोन नंबर एखाद्या पोराला द्यायचा आहे, त्यांनी चहाच्या टेबलापाशी मला गाठा. घरात भात कोण लावतं, तेही सांगा.