आंबट कधीपासून चालेल?

टाके काढून झाले की पेशंट उठता उठता हमखास विचारतात, "डॉक्टर, आंबट कधीपासून चालेल?" घरच्यांनी लिंबू, आवळा, चिंच सगळं बंद केलेलं असतं. आंबटानं जखम चिघळते, डाळीनं पू होतो, हे आजीपासून ऐकलेलं. त्या पथ्यामागे माया असते, म्हणून मी कुणावर रागावत नाही. पण ते चुकीचं आहे. का चुकीचं, हे सांगण्यासाठी तुम्हाला जरा लांब नेतो, एका जहाजावर.

1740 मध्ये कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सन यांचा ब्रिटिश ताफा पॅसिफिक महासागराकडे निघाला. महिनोन्‌महिने ताजं फळ नाही, भाजी नाही. खलाशांना स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगानं, गाठलं आणि माणसं शेकड्यांनी गेली. त्यांच्यात एक म्हातारा होता. 1690 साली आयर्लंडमध्ये बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा भरून पन्नास वर्षं उलटलेली. जहाजावर त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या! पूर्वी मोडून पक्कं जुळलेलं हाड सुटल्याचीही नोंद त्या सफरीच्या वृत्तांतात आहे.

कॉलेजात असताना हे वाचलं आणि मी हादरलो. कारण आपण समजतो, खपली पडली की काम संपलं. तसं नसतं.

कापलं की आधी रक्त गोठतं. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात. चार-पाच दिवसांत तळाशी लालसर, दाणेदार, कोवळं मांस दिसू लागतं, कडेची कातडी त्यावरून सरकत येते. त्या कोवळ्या मांसात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन विणत असतात. कोलॅजन म्हणजे तीन पदरी दोरी. ती पक्की व्हायला पीळ नीट बसावा लागतो, आणि तो बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर दोरी तयार होते, पण शरीराच्या उबेतच सैल पडते.

आता खरी गोष्ट. व्रणातलं जुनं कोलॅजन शरीर सतत मोडत असतं आणि नवं घालत असतं. शेजारच्या कातडीपेक्षा जास्त वेगानं, वर्षानुवर्षं. सुश्रुतसंहितेत 'व्रण' शब्दाचा अर्थ सांगताना म्हटलंय की जखम भरली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही. त्या खुणेची डागडुजीही तितकीच चालते. त्या म्हाताऱ्याच्या अंगात मोडणं चालू राहिलं आणि नवं घालणं थांबलं.

1939 मध्ये बॉस्टनचे तरुण सर्जन जॉन क्रॅंडन यांनी हे स्वतःवर तपासलं. क जीवनसत्त्व नसलेला आहार ते सहा महिने घेत राहिले. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. सहा महिन्यांनी केलेली भरेना. मग शिरेतून क जीवनसत्त्व दिलं आणि तीही भरली.

यातून दोन्ही बाजू दिसतात. चांगलं खाणाऱ्या माणसानं पंधरा दिवस लिंबू सोडलं तर फार बिघडत नाही, आणि अंगात पुरेसं असताना जादा गोळ्या गिळून जखम लवकर भरेल असंही नाही. मला काळजी वाटते ती दुपारी चहा-चपाती आणि रात्री चहा-बिस्किटावर महिने काढणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या माणसांची. त्यांचा साठा आधीच रिकामा असतो. त्यात ऑपरेशन होतं आणि आपण डाळ काढून घेतो, जिच्यातल्या प्रथिनांतून कोलॅजन बनायचं असतं. आणि लिंबू काढून घेतो, ज्यानं पीळ बसायचा असतो. तीन आठवड्यांनी वरून छान दिसणाऱ्या जखमेत मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच ताकद आलेली असते. तिथं उपास घडवायचा?

पेरू द्या, आवळा द्या. शिजवताना क जीवनसत्त्व बरंच नासतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. आणि कधीपासून, तर डॉक्टरांनी जेवायला परवानगी दिली की पहिल्याच दिवशीच्या वरणभातावर.